उंबराच्या झाडाखाली दीड तास



मंदिरात भेटणाऱ्या बायका हल्ली मला पाककृती कमी विचारतात आणि एक प्रश्न जास्त विचारतात. तू गळ्यात कॅमेरा अडकवून रानावनात हिंडतेस, ते आपल्यात चालतं का? कोणी हसत विचारतं, कोणी न हसता. प्रश्न काही वावगा नाही. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितलेत. ज्यातून काही साधत नाही अशी निष्कारण केलेली हिंसा म्हणजे अनर्थदंड. त्यातला एक प्रकार प्रमादचर्या. कारण नसताना माती उकरणं, पाणी सांडणं, आग पेटवणं, वारा घालणं, झाडपाला तोडणं, इथवरची यादी आपल्याला पाठ असते. तिच्या शेवटी आणखी एक गोष्ट आहे आणि ती वाचताना आपण जरा भरभर पुढे जातो. उगाच भटकणं, आणि दुसऱ्याला भटकायला लावणं.

माझ्या सासूबाईंनी हे मला कॅमेरा घरात आला त्याच दिवशी ऐकवलं होतं. त्यांना मी आईच म्हणते. आईंचं माहेर सांगलीकडचं, शेतकरी जैनांचं घर. वय ७४. स्वाध्यायाला चाळीस वर्षं जातात, त्यामुळे त्यांच्याशी वाद घालायचा तर तयारीने घालावा लागतो. “मी भटकत नाही, बघायला जाते,” असं मी म्हणायचे. “बघायला जायचं म्हणजे चालायचंच की,” असं त्यांचं उत्तर. मग मी आपला एक नियम केला. चातुर्मासात कॅमेरा कपाटात. भाद्रपदात रायरेश्वरच्या पठारावर फुलं येतात तेव्हा अर्धं पुणं तिकडे धावतं, एकेका फुलाच्या फोटोसाठी दहा फुलं पायाखाली जातात. तेव्हा मी घरात. कार्तिकी पौर्णिमा उलटली, गवत वाळलं, की बाहेर. आईंना हा नियम पटला असं नाही, पण त्या बोलायच्या थांबल्या.

यंदा मार्गशीर्षात त्या स्वतःच आमच्याबरोबर आल्या. त्याला दोन कारणं झाली. एक म्हणजे त्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला दोन महिने झाले होते आणि त्यांना सगळंच लख्ख दिसायला लागलं होतं. समोरच्या बिल्डिंगच्या गच्चीवरच्या वाळवणात काय घातलंय ते घरात बसून सांगायच्या. दुसरं कारण माझी लेक. ती बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला आहे, वनस्पतीशास्त्र घेतलंय. तिला प्रकल्प होता: एक झाड निवडायचं आणि त्या झाडावर जे जे येतं, पक्षी, किडे, मुंग्या, त्या सगळ्यांचे फोटो काढून लिहायचं. तिने झाड निवडलं उंबर.

उंबर म्हटल्यावर आई सावध झाल्या. तुम्हीही झाला असाल. वड, पिंपळ, पाकर, कठूमर आणि उंबर ही पाच उदुंबर फळं. मद्य, मांस, मधाच्या बरोबरीने आपल्या घरात त्यांचा त्याग लहानपणापासून असतो. आईंच्या माहेरी विहिरीवर उंबर होता. खाली लालबुंद सडा पडायचा. शेजारची मुलं फुंकर मारून खायची आणि या सहा बहिणी बघत उभ्या राहायच्या. आत जीव असतात, खायचं नाही, एवढंच सांगितलेलं. का, कसले, कुठून आले, हे ना कोणी सांगितलं ना यांनी विचारलं. आत काय असतं ते आईंनी ७४ वर्षांत एकदाही पाहिलेलं नव्हतं. कारण बघायचं तर फोडावं लागतं.

तर अशा आम्ही तिघी. गाडी मी चालवत होते, यांना ऑफिस होतं. पहाटे दर्शन उरकून, गाळलेलं पाणी उकळून गार करून दोन कॅनमध्ये भरून, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, दही आणि मटकीची उसळ डब्यात घेऊन आम्ही साडेसहाला निघालो. कात्रजचा बोगदा, खेड शिवापूर, मग चेलाडी फाट्यावरून आत वळलं की नसरापूर. भोर तालुका इथे सुरू झालेला असतो. गावापासून अगदी जवळ बनेश्वर आहे.

बनेश्वर पुष्कळजणींनी पाहिलं असेल. नानासाहेब पेशव्यांनी १७४९ मध्ये बांधलेलं शंकराचं देऊळ, समोर कुंडं, त्यात मासे, मागे शिवगंगा नदी. देवळातल्या घंटेवर १६८३ हे साल आहे. ती पोर्तुगीजांची, वसईच्या मोहिमेनंतर आलेली, असं सांगतात. श्रावणात आणि महाशिवरात्रीला इथे मुंगीला वाट मिळत नाही. पण मला आवडतं ते देवळाभोवतीचं वनखात्याचं उद्यान. नावाला उद्यान, खरं तर राखलेलं रानच. मोठमोठी झाडं, वेली, बांबूची बेटं, मधून पायवाटा. आपल्यासारख्या बायकांना रान बघायचं असेल तर इतकी सोयीची जागा पुण्याजवळ दुसरी नाही. वाट पक्की आहे, बसायला बाकं आहेत, स्वच्छतागृह आहे (हे कोणी लिहीत नाही, म्हणून मी लिहिते), आणि सकाळी आठच्या आत गेलं तर माणसं जवळजवळ नसतात.

आई वाटेवर चालायला लागल्या आणि माझ्या लक्षात आलं की आमच्या तिघींत पक्षी बघायला सगळ्यांत लायक त्याच आहेत. साधूंची ईर्यासमिती आपण ऐकून असतो: पुढची चार हात जमीन पाहत, सावकाश, जीव वाचवत चालायचं. आई गेली कित्येक वर्षं तशाच चालतात. भाजी आणायला जातानाही तशाच, त्याचा मला अनेकदा वैतागही आलाय. पण रानात हेच चालणं लागतं. आम्ही दोघी वर बघत, फांद्या मोडत, पाचोळा वाजवत जातो आणि पाखरं शंभर फुटांवरून उडतात. आईंच्या पायाचा आवाज नव्हता. त्यांच्यापासून हाताच्या अंतरावर नाचण पक्षी शेपटीचा पंखा उघडत-मिटत फांदीवर नाचत होता आणि त्याला काही वाटलं नाही. नदीकाठच्या खडकावर करडा धोबी शेपूट हलवत बसला होता. हा हिवाळी पाहुणा, हिमालयाकडून येतो. मी त्याचे आठ फोटो काढले. आई म्हणाल्या, “एक पुरला नसता?”

तो प्रश्न मी तेव्हा सोडून दिला. पुढे तो वेगळ्या रूपात आमच्याच घरात आला, ते सांगतेच.

लेकीला हवं होतं तसं उंबराचं झाड नदीच्या बाजूला मिळालं. जुनं, बुंध्यालाच फळांचे घोस लगडलेले, काही हिरवी, काही पिकून लाल. वरच्या फांद्यांवर जत्रा भरली होती. तांबट टुक टुक करत होता, बुलबुल होते, आणि राखी धनेशाची एक जोडी लांब चोचीने फळ तोडून, हवेत उडवून गिळत होती. धनेशाच्या चोचीत लाल उंबर असा फोटो मला मिळाला. तो या वर्षातला माझा सगळ्यांत आवडता फोटो आहे.

खाली लेकीने सॅकमधून छोटी पेटी काढली. प्रयोगशाळेतली. तीत चिमटा, सुई आणि ब्लेड. तिला उंबराचा उभा छेद घ्यायचा होता. “आतली फुलं दाखवायचीत, मम्मी. त्याशिवाय प्रकल्प पूर्ण होत नाही.”

“फुलं?” आई म्हणाल्या. “उंबराला कुठलं आलंय फूल?”

कधीतरीच दर्शन देणाऱ्या पाहुण्याला आपण उंबराचं फूल झालात म्हणतो. लेक तिथेच मांडी घालून बसली आणि तिने आजीला जे सांगितलं ते मीही पहिल्यांदाच नीट ऐकलं. उंबर हे साधं फळ नव्हे. ती बंद केलेली परडी आहे. फुलं सगळी आत, शेकडो, टाचणीच्या डोक्याएवढी, एकमेकांकडे तोंड करून. परडीच्या टोकाला एक बारीक भोक असतं. त्यातून चिलटाएवढी माशी आत घुसते. जेमतेम दोन मिलिमीटरची गांधीलमाशीच ती. उंबराची ठरलेली माशी वेगळी आहे, तिचं नाव सेराटोसोलेन फ्युसिसेप्स. आत शिरताना भोक इतकं अरुंद की तिचे पंख तुटतात. ती परत बाहेर येऊ शकत नाही. आत ती दुसऱ्या उंबरातून आणलेले परागकण फुलांवर टाकते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथेच मरते. काही आठवड्यांनी पिल्लं होतात. आधी नर बाहेर पडतात, त्यांना पंखच नसतात. ते आतल्या आत माद्यांशी जुगतात, उंबराच्या सालीतून बाहेर जायला बोगदा पोखरतात आणि मरून जातात. त्या बोगद्यातून पंखवाल्या माद्या परागकण घेऊन निघतात आणि दुसरं उंबर शोधतात. हे झाड नसेल तर ती माशी नाही, आणि ती माशी नसेल तर या झाडाला बी नाही. कोट्यवधी वर्षं हे असंच चाललंय.

आईंनी हे सगळं न हलता ऐकलं. मग म्हणाल्या, “चार इंद्रियांचा जीव तो. माशी म्हणजे चतुरिंद्रिय.”

“हो आजी.”

“आणि तू त्याच्यावर ब्लेड चालवणार.”

लेक गप्प झाली. मग म्हणाली, “एकच फळ आजी. खाली हजार पडलीत. पक्षी खाताहेत ते चालतं? आणि आपण खात नाही ते जीव आहेत म्हणून, पण ते आहेत हे बघितल्याशिवाय मी कसं मानायचं? तू कधी बघितलंस?”

मैत्रिणींनो, हा प्रश्न तुमच्या घरात वेगळ्या शब्दांत येत असणार. आमच्या पिढीला सांगितलं की आम्ही केलं. ही मुलं विचारतात, आणि आपल्याजवळ उत्तर नसलं की एक एक नियम गुपचूप गळून पडतो. आधी हॉस्टेलवर, मग घरी. मी काही बोलणार होते, पण काय बोलणार होते ते मला अजूनही सांगता येणार नाही. आईच बोलल्या.

“नाही बघितलं,” त्या म्हणाल्या. “पण तू म्हणतेस ना, त्या आपणहून बाहेर येतात. मग येऊ देत की. आपण बसू.”

“कधी येतील काय माहीत!”

“म्हणून तर बसायचं.”

आणि त्या बाकावर नाही, बुंध्यासमोरच्या एका दगडावर आपली घडीची सतरंजी घालून, आधी दगड पदराने हलकेच पुसून, बसल्या. माळ काढली.

आम्ही दीड तास बसलो. तुम्ही कधी एखाद्या झाडाच्या बुंध्याकडे दीड तास पाहिलंय का? पहिली पंधरा मिनिटं काहीच नसतं. मग एकदम सगळं असतं. लाल मुंगळ्यांची रांग घोसाघोसावरून फिरत होती. लेक म्हणाली, त्या माश्यांच्याच वाटेवर बसल्यात. एका हिरव्या उंबरावर केसासारखी लांब शेपटी असलेली एक बारीक माशी आली आणि शेपटी सुईसारखी सालीत रोवून उभी राहिली. ही दुसरी जात. ती आत जातच नाही, बाहेरूनच भोसकून अंडी घालते आणि आतल्यांच्या घरात आपली पोरं घुसवते. परागाचं काम तिचं नाही. “फुकटी,” आई म्हणाल्या. लेकीने तिचा फोटो घेतला, अगदी सुरेख आला. छेद न घेता मिळालेला तो पहिला.

मधेच एक गंमत म्हणावी की त्रास म्हणावा असं घडलं. दोन तरुण आले, मोठ्या लेन्सा घेऊन. त्यातल्या एकाने मोबाईलवर पक्ष्याची शीळ लावली. त्या आवाजाने आपल्या हद्दीत दुसरा नर आला असं वाटून पक्षी धावून येतो, मग फोटो सोपा. एक छोटा पक्षी खरंच आला, फांद्यांतून घाबराघुबरा इकडून तिकडे फिरला. आईंना आधी कळेना आवाज कुठून येतोय. मी सांगितलं. त्या उठल्या, त्या मुलांपाशी गेल्या आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, “बाळांनो, त्याला खोटं का सांगता?” एकाने लगेच मोबाईल बंद केला, सॉरी आजी म्हणाला. दुसरा काही बोलला नाही. दहा मिनिटांनी लांबून तीच शीळ पुन्हा ऐकू आली.

या बाबतीत माझं मत कडक आहे. शीळ वाजवून बोलावणं, घरट्याचे फोटो काढणं, त्यासाठी आडव्या येणाऱ्या डहाळ्या बाजूला बांधणं किंवा तोडणं, फुलावर पाणी शिंपडून दव म्हणून दाखवणं, दगड उलटून खालचे विंचू-सरडे काढणं, हे सगळं मी वर्ज्य मानते. घरट्यावरची डहाळी बाजूला झाली की ऊन लागतं आणि कावळ्याला वाट दिसते. फोटो काढून माणूस घरी जातो, पिल्लू तिथेच असतं. ज्यांना आपल्यात हे चालतं का असा प्रश्न पडतो, त्यांनी कॅमेऱ्याबद्दल विचारण्यापेक्षा हे विचारावं असं मला वाटतं.

साडेनऊच्या सुमाराला लेकीने माझा हात दाबला. तिच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर एक पिवळट उंबर होतं. त्याच्या सालीवर टाचणीने टोचल्यासारखं भोक पडलं होतं. मी आधी पाहिलं तेव्हा ते नव्हतं. त्या भोकातून काहीतरी काळपट डोकावलं, आत गेलं, पुन्हा आलं. मग एक माशी बाहेर आली. ओली, चमकणारी. सालीवर उभी राहून पुढच्या पायांनी डोकं पुसलं, पंख झटकले आणि गेली. तिच्या मागे दुसरी. मग तिसरी. एकेकीला बाहेर यायला धडपड करावी लागत होती. दोघी-तिघी मुंगळ्यांनी भोकाच्या तोंडावरच उचलल्या. लेकीचा शटर सुरू होता, पण तिचा श्वास बंद असावा. तिने एकूण साठ-सत्तर फोटो काढले आणि त्यातले बहुतेक अंधुक निघाले, कारण इतक्या जवळून हात जरा हलला तरी सगळं पुसट होतं. एक नीट आला. भोकातून अर्धी बाहेर आलेली, एक पंख सुटा, एक अजून आत.

तिने कॅमेऱ्याच्या पडद्यावर तो मोठा करून आजीसमोर धरला. आईंनी चष्मा वर केला, खाली केला, मग काढूनच टाकला. नव्या डोळ्याने बराच वेळ पाहिलं.

“म्हणजे खरंच आहेत,” त्या म्हणाल्या.

त्या आवाजात काय होतं ते मला लिहिता येत नाही. सत्तर वर्षं ज्या गोष्टीपायी त्या विहिरीवर हात मागे बांधून उभ्या राहिल्या, ती त्यांनी आज बघितली. मग त्यांनी झाडाकडे पाहिलं आणि मोजायला लागल्या, मनाशी नाही, मोठ्याने. झाड एकेंद्रिय. मुंगळे तीन. माशी चार. वरचे धनेश पाच. “दोनाचं कुठाय?” लेक म्हणाली, पाचोळ्याखाली गांडूळ असेल आजी, पण उकरायचं नाही. दोघी हसल्या.

ब्लेड पेटीत परत गेलं. फुलांचा फोटो अर्थातच मिळाला नाही. उंबराचं फूल ते उंबराचं फूलच राहिलं. जुनी माणसं म्हणतात ना, उंबर फोडून केंबरं कशाला काढायची. प्रकल्पात तिने लिहिलंय की छेद घेतलेला नाही, आणि का नाही तेही. गुण किती मिळतील बघू.

जेवण तिथेच, उद्यानाबाहेर सावलीत उरकलं. कण सांडू नये म्हणून आईंनी प्रत्येकीला खाली कागद घालायला लावला. जेवताना लेकीने शेवटी अंजिराचा विषय काढला. मला वाटलंच होतं. दिवाळीत कोणीतरी दिलेल्या मिठाईत अंजीर बर्फी होती आणि ती आमच्याकडे तशीच दुसऱ्यांना दिली गेली. आमच्याकडे कठूमर म्हणजे अंजीर असंच धरतात, त्यामुळे अंजीर बंद. लेकीचं म्हणणं असं: शेजारच्या पुरंदर तालुक्यात जे अंजीर होतं, ज्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते पूना फिग जातीचं. त्या झाडाला माशीची गरजच नाही. परागीभवनाशिवाय फळ धरतं, आत बी रुजणारं होत नाही, माशी शिरत नाही. “मग आजी, ज्यात जीवच नाहीत ते का सोडायचं?”

खरं सांगते, मला उत्तर येत नव्हतं. शास्त्राच्या पुस्तकात ती म्हणते ते बरोबर आहे, मी नंतर वाचून पाहिलं. आई म्हणाल्या, “घरी गेल्यावर सांगते.”

दुपारी आम्ही मार्गासनीवरून वेल्ह्याकडे गेलो. सरकारी कागदावर आता वेल्हे तालुक्याचं नाव राजगड झालंय, एस्टीच्या पाट्या आणि माणसं वेल्हेच म्हणतात. तोरणा समोर उभा असतो, पुणे जिल्ह्यातला सगळ्यांत उंच किल्ला. भातं कापून झाली होती, खाचरांत करडं कूड उरलं होतं. मला एक देवराई बघायची होती. पुण्याचे वनस्पतीशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतल्या या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हापासून शिकलेल्या लोकांना त्यांची किंमत कळली. गावकऱ्यांना ती आधीच होती. आजूबाजूचे डोंगर बोडके आणि मधेच एक गर्द काळं बेट, त्यात मांडीएवढ्या जाड वेली. गावाचं नाव लिहीत नाही, कारण फोटोवाल्यांची झुंबड तिथे व्हावी असं मला वाटत नाही.

राईच्या तोंडाशी एक म्हातारी गवताचा भारा घेऊन बसली होती. म्हणाली, चपला हितंच काढा, आन् देवाचा फोटू नका काढू, झाडांचा काढा. आईंनी विचारलं, “आतलं वाळलेलं लाकूड तरी नेता का हो?” ती म्हणाली, “काडी न्हेत न्हाई. पडलं तर तितंच कुजतं. देवाचं हाय.” आईंनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. आत फार वेळ थांबलो नाही. उजेड इतका कमी की फोटो नीट येत नव्हते, आणि सूर्यास्ताच्या आत जेवायचं तर निघणं भाग होतं. गाडीत आई लगेच झोपल्या.

अंजिराचं उत्तर दोन दिवसांनी आलं. आईंनी आचार्य अमृतचंद्रांचा पुरुषार्थसिद्ध्युपाय काढून लेकीपुढे ठेवला. हजार वर्षांपूर्वीचा ग्रंथ. पाच उदुंबर तिथे सांगितलेच आहेत, पण पुढे नेमका हाच प्रश्न घेतलाय. काळ लोटून फळ वाळलं, त्यातले हलते-चालते जीव नाहीसे झाले, तर मग खायला काय हरकत? आचार्यांचं म्हणणं असं की तेव्हाही हिंसा आहेच, कारण ते खाणाऱ्याच्या मनातली ओढ तीव्र आहे. ती ओढ हीच हिंसा. माशी असो नसो.

लेकीने ते दोनदा वाचलं. मला वाटलं, पटलं हिला. ती म्हणाली, “म्हणजे हवंहवंसं वाटणं हीच हिंसा. मग आजी, मी त्या माशीचे सत्तर फोटो काढले. मम्मीने त्या धोब्याचे आठ. ते काय होतं?”

आईंनी माझ्याकडे पाहिलं. मी स्वयंपाकघरात गेले नाही, तिथेच बसले, पण बोलले काही नाही. थोड्या वेळाने आई म्हणाल्या, “सत्तरातले एकोणसत्तर पुसून टाक.” लेकीने खरंच पुसले. मी माझ्या आठातले सात पुसायला बसले आणि तीनवर अडकले. ते तीन अजून आहेत.

उंबराच्या त्या माशीच्या फोटोची प्रत काढून आणली. फ्रेम करू का विचारलं तर आई म्हणाल्या, भिंतीवर किड्याचा फोटो कशाला. त्यांनी तो ग्रंथात त्याच पानात ठेवलाय आणि गुरुवारी स्वाध्यायाला नेला होता. तिथल्या एक-दोघी नाक मुरडून, बाकीच्या आळीपाळीने भिंग लावून बघत होत्या, असं ऐकलं.

अंजिराचं मात्र लेकीने अजून काही ठरवलेलं नाही. विचार करते म्हणाली.